निष्कर्ष शेवटी

प्राध्यापिकाबाई धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्या आणि दारासमोर थबकल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. याआधी त्या आल्या तेव्हा बाहेरून मुठीएवढं कुलूप असायचं, आणि शिवण कारखान्यातून परतलेली या घरातली लेक ते काढेपर्यंत बाईंना तिच्या मागे जिन्यात थांबावं लागायचं. आज सुट्टी आहे म्हणून नसेल, असं स्वतःला समजावून त्यांनी कडी वाजवली.

"या मॅडम, बसा. चहा टाकते," लेक म्हणाली.

"चहा राहू दे ताई. तुमच्याशी बोलायचं होतं."

बोलायचं काय ते बाईंनी बसमध्ये तीनदा घोकलं होतं. वर्गात दोनशे पोरांपुढे कधी न अडखळलेल्या बाई आता पहिल्याच वाक्याला अडखळल्या.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना घरात कोंडून कामावर जाणाऱ्या लेकीसुनांवर बाईंनी कित्येक वर्षं खपून संशोधन केलं होतं. या लेकीसारख्या बायका त्यांच्यापाशी बसून मन मोकळं करत, कारण कुणाचं नाव कुठे येणार नाही, असा बाईंनी शब्द दिलेला असे. शोधनिबंध छापून आला. तो वाचला दोन परीक्षकांनी, कारण ते त्यांचं कामच होतं, आणि बाईंच्या यजमानांनी, ज्यांना चौथ्या पानावर चष्म्यासकट डुलकी लागली. मग विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. संशोधन आता समाजमाध्यमांवर गेलंच पाहिजे, असं वरून फर्मान निघालं होतं.

"मॅडम, इथे लोक अंगठ्याने वाचतात," प्रमुख म्हणाल्या होत्या. "पहिल्याच ओळीत काळजाला हात घाला. मग पुढे तुम्हाला काय सांगायचं ते सांगा."

बाईंनी ऐकलं. बारा पोस्टची माळ लिहिली आणि सगळ्यात वर, नाव न देता, या लेकीचं वाक्य टाकलं : 'मी आईला बाहेरून कुलूप लावून कामावर जाते. रेडिओ चालू ठेवते, म्हणजे घरात कुणीतरी आहे असं तिला वाटतं.' निष्कर्ष मात्र जन्मभराच्या सवयीने शेवटच्या पोस्टमध्ये गेला.

पहिली पोस्ट वणव्यासारखी पसरली. शेवटचीला मोजून सात जणांनी पसंती दिली, त्यातले एक बाईंचे यजमान. पहिलीखाली लोकांनी तोंडसुख घेतलं. जनावरालाही कुणी असं कोंडत नाही. अशी लेक असण्यापेक्षा मूलबाळ नसलेलं बरं. कुलगुरूंनी मात्र भर सभेत बाईंचं कौतुक केलं. बाईही हरखल्या होत्या, हे खोटं कशाला बोला. दात घासतानासुद्धा त्यांचं आकड्यावर लक्ष असायचं. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं की दिवसभर वाजणारा रेडिओ शेजारपाजारच्यांनाही ऐकू जात असणार. तेव्हापासून त्यांचं कशात लक्ष लागेना.

"ते वाक्य मी तुम्हाला न विचारता टाकलं. माझं चुकलंच. त्यावरून तुम्हाला कुणी ओळखलं का? शेजारी, कारखान्यातलं कुणी?"

"नाही. कुणीच नाही."

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"कारखान्यातल्या बायकांनी मलाच दाखवलं ते. जेवणाच्या सुट्टीत," लेक म्हणाली. "कसली ही बया, म्हणाल्या. मग मीही म्हटलं, कसली बया."

लेक ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

"घरी येऊन खालचं सगळं वाचलं, लोकांनी लिहिलेलं. वाचत गेले तसं पटत गेलं. सगळेच कसे चुकतील?"

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. रेडिओ बंद होता.

"आई कुठे आहेत?"

"दुसऱ्या दिवशी कुलूप नाही लावलं मी. शेजारणीला म्हटलं, जरा लक्ष ठेवा. ती तरी किती ठेवणार? तिचं लेकरू तान्हं आहे." ती थांबली. "आई उतरून मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ट्रकवाल्याचा दोष नाही म्हणतात. मधोमध उभी होती ती."

मघाशी आपल्याला किती हायसं वाटलं, ते आठवून बाईंना स्वतःची शिसारी आली. उठून पळून जावं असं वाटलं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या अभ्यासात शेवटी निघालं काय? आम्ही चुकतो का?"

बाईंनी पर्समधून फोन काढला. बोट सरकवत सरकवत त्या तळाशी पोहोचल्या आणि वाचू लागल्या.

"कुलूप हे निर्दयपणाचं लक्षण नाही. दुसरी कसलीच सोय नसलेल्या बहुतेक घरांत रुग्ण सुखरूप राहिले ते त्या कुलपामुळे. या लेकीसुनांना दोष देऊ नका. त्यांच्या माणसांसाठी दिवसभराची सोय करा."

डॉक्टरचं बोलणं ऐकावं तसं लेकीने ऐकून घेतलं.

"परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"मग हे वर का नाही लिहिलंत?"

बाईंनी एखादा मवाळ शब्द शोधून पाहिला. सापडला नाही.

"वर लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं."

लेकीने ओढणीची गाठ सोडली आणि टोक मांडीवर सरळ केलं.

"मी वाचलं असतं," ती म्हणाली.