बाबांचा उतार आणि दोन पिंपं हिरवं पाणी

माझे सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त बांधकाम अधिकारी, आणि त्यांच्या घरामागचा मातीचा उतार त्यांनी स्वतः रचलेला. त्या उताराबद्दल कुणी वाकडं बोललं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. मी नगरपालिकेत माती तपासते, म्हणजे वाकडं बोलण्याचाच पगार घेते. आमचा वाद सुरू झाला की नवरा गच्चीवर कपडे वाळत घालायला जाई, कपडे धुतलेले नसले तरी.

त्या उन्हाळ्यात उताराच्या माथ्यावर भेगा पडल्या. माझी चार फुटी सळई एका भेगेत मुठीपर्यंत गेली. बाबा मात्र रोज सकाळी थापी घेऊन वर चढत आणि ओल्या मातीने भेगांची तोंडं लिंपत. लिंपण इतकं गुळगुळीत की त्यावर हात फिरवावासा वाटे. खाली भेग होती तशीच.

"चिकणमाती आहे ही. हिच्यातून पाणी हातभर जायला वर्ष लागतं," ते म्हणाले.

"अखंड असेल तर. भेगेतून पाणी सरळ आत उतरेल, साठेल, खालची माती मऊ करेल, आणि सगळा उतार घसरून तुमच्या खोलीत येईल."

"माझा उतार न विचारता कुणाच्या घरात शिरायचा नाही."

त्यांची झोपायची खोली उताराच्या संरक्षक भिंतीलाच टेकलेली. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला यायला ते तयार नव्हते. मी रोज उठून आधी हवामानाचा अंदाज बघायचे. भांडत असले तरी माणूस माझा होता.

शेवटी पैज लागली. पाण्याची वाट शोधायला आम्ही एक हिरवा रंग वापरतो. तो घातलेलं दोन पिंपं पाणी मी भेगेत ओतणार. दुपारपर्यंत ते खालच्या संरक्षक भिंतीत पाणी निघून जायला ठेवलेल्या पाझरनळीतून बाहेर आलं, तर बाबा सामान बांधणार. नाही आलं, तर त्यांच्या उताराबद्दल मी जन्मभर तोंड उघडायचं नाही.

नऊ वाजता लिंपण फोडून ओतलं. भेगेने दोन्ही पिंपं गटागटा पिऊन टाकली. खाली येऊन बघते तर बाबा नळीसमोर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतायत, आणि नळी ठणठणीत कोरडी. दहा वाजले, अकरा वाजले. बाबांनी मला चहा विचारला, तोही इतक्या गोडीने की मला संशय आला. त्यांच्या नखांत ओली माती होती.

मी नळीत बोट घातलं. आत मातीचा बोळा, वरून छान गुळगुळीत केलेला.

"बाबा!"

"चहा टाकतो," म्हणत ते घाईने आत सटकले. पाठोपाठ हाक आली, "सूनबाई!"

धावत त्यांच्या खोलीत गेले. भिंत आणि फरशीच्या सांध्यातून हिरवं पाणी येत होतं आणि बाबा त्यात पांढऱ्या मोज्यांवर उभे होते. मोजे घोट्यापर्यंत पोपटी. मला हसू आवरेना. मग त्यांच्या पलंगाच्या उशाशी भिंतीला गेलेली ताजी चीर दिसली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"दोनच पिंपं ओतलीस ना?" त्यांनी विचारलं.

"दोनच."

त्यांनी वाकून त्या चिरेवरून बोट फिरवलं. पावसाची पिंपं मोजायला त्यांना माझी गरज नव्हती.

"आधी तो बोळा काढ. भिंतीमागे पाणी तुंबलंय," ते म्हणाले. मी बोळा उपसला तशी हिरवी चिळकांडी थेट माझ्या तोंडावर आली. बाबा पोटभर हसले. मीही त्यांना हसू दिलं.

संध्याकाळी ते एक बॅग घेऊन आमच्या दारात आले. बॅगेत सगळ्यात वर थापी. बसायच्या आधीच त्यांची नजर खिडकीखालच्या बारीक चिरेवर गेली.

"लिंपून टाका की," मी चिडवलं.

"वरवर?" त्यांना अपमान वाटला. "आधी आतपर्यंत खरवडायची असते, एवढंही कळत नाही तुला?"

आणि त्यांनी थापीचं टोक चिरेत घातलं. नव्या रंगाचे पोपडे खाली पडू लागले, नवरा गच्चीकडे निघाला, आणि मी निमूटपणे जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं.