मेहुण्यावर पहारा

उपांत्य फेरीत कोणाची गाठ कोणाशी पडणार हे ठरलं, तेव्हा जळूच्या बायकोने कपाळाला हात लावला. एका संघात तिचा नवरा, दुसऱ्यात तिचा पाठचा भाऊ. त्यात नवऱ्याचं कामच असं, की समोरच्या संघातला सगळ्यात घातक खेळाडू धरायचा आणि सामनाभर त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. आणि समोरच्या संघातला सगळ्यात घातक खेळाडू तिचा भाऊच होता.

जळू हे नाव प्रेक्षकांनी पाडलेलं. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उभी हयात घालवूनही या माणसाने कधी गुणांचे डोंगर रचले नव्हते. एकदा चिकटला की सुटत नाही, एवढीच त्याची कीर्ती. आता पस्तिशी उलटली होती आणि हा आपला शेवटचा हंगाम असं त्याने घरी सांगून टाकलं होतं. बायकोला ते नाव मुळीच आवडत नसे. ती दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत आ वासून बसलेले पेशंटसुद्धा तोंडात कापूस असताना "अळू अशे आएत?" असं विचारत, आणि ती म्हणे, "बोलू नका, लागेल."

भावाला घरात सगळे बाळ्या म्हणत. दारातून वाकून आत यावं लागे एवढा तो उंच, पण बाळ्या तो बाळ्याच. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तो शाळेत होता. होणाऱ्या दाजींना पहिल्याच भेटीत त्याने आव्हान दिलं होतं, "मला अडवून दाखवा." पाहुणे म्हणून आलेले दाजी इस्त्रीच्या शर्टात घरामागच्या अंगणात उतरले आणि संध्याकाळपर्यंत वर आलेच नाहीत. वेगात कसं निघायचं, वेगात कसं थांबायचं, हे बाळ्याला त्यांनीच शिकवलं. आज अख्ख्या लीगमध्ये बाळ्यासारखा थांबणारा कोणी नव्हता. अंगावर धावून येतोय असं वाटेवाटेपर्यंत तो जागच्या जागी खिळायचा, उडी घ्यायचा आणि चेंडू बास्केटमधून आरपार.

जळूच्या संघाच्या बचावाचं काम एका बाईंकडे होतं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या स्वतः खेळलेल्या होत्या, हळू बोलत आणि एकच गोष्ट दोनदा सांगत नसत. मालिकेआधीच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर बाळ्याची चित्रफीत लावली.

"उजवीकडून याला कोणी अडवू शकत नाही. तेव्हा उजवी बाजू द्यायचीच नाही," त्या म्हणाल्या. "जळू, तू समोर उभा राहू नकोस. अर्धं अंग त्याच्या उजव्या हाताला लावून राहा. म्हणजे त्याला डावीकडेच जावं लागेल, आणि तिकडे आपला पहाड उभा असेल."

पहाड म्हणजे संघाचा सेंटर, बास्केटखाली उभा राहणारा धिप्पाड गडी. तो नुसता मान डोलवून हसला.

"जाऊन जाऊन जाईल कुठे? डावीकडे मध्येच थांबून त्याला शॉट घ्यावा लागेल. तो शॉट त्याचा कच्चा आहे."

"कच्चा आहे, कारण तो मी शिकवला नाही," जळू म्हणाला, आणि खोलीत हशा पिकला.

मालिका पाच सामन्यांची होती. पहिले दोन जळूच्या गावात झाले आणि दोन्ही त्याच्या संघाने जिंकले. बाळ्या उजवीकडे वळायला गेला की तिथे दाजींचा खांदा. डावीकडे गेला की समोर पहाड. तो थांबायचा, उडायचा आणि चेंडू कड्यावर आपटून बाहेर. दुसऱ्या सामन्यानंतर हात मिळवताना तो हसून म्हणाला, "दाजी, माणुसकी ठेवा की थोडी."

"माणुसकी घरी. इथे ड्यूटी," दाजी म्हणाले.

पुढचे दोन सामने बाळ्याच्या गावात होते. निघायच्या सकाळी जळू बॅग भरत होता आणि बायको त्याचे मोजे जोडीने लावत होती. आईशी फोनवर बोलून ती नुकतीच आत आली होती आणि कशातच तिचं लक्ष नव्हतं.

"आई सारखी रडतेय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत बाळ्याच्या डाव्या गुडघ्यातली कूर्चा फाटलीय, ऑपरेशन करावंच लागेल. पण हा ऐकेल तर ना! म्हणतो, प्लेऑफचे हे सामने संपू देत. उडी मारताना काही होत नाही म्हणे, थांबताना मात्र जीव जातो. डावीकडे धावून थांबला की..."

ती बोलता बोलता गप्प झाली. हातातला मोजा तसाच राहिला. आपण कोणाला काय सांगतोय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"मी काही ऐकलं नाही," जळू म्हणाला आणि त्याने बॅगेची चेन ओढली.

पण ऐकलेलं कुठे परत करता येतं? तिसऱ्या सामन्यात बाळ्या पहिल्यांदा डावीकडे धावून थांबला, तेव्हा जळूने चेंडूकडे पाहिलंच नाही. त्याने बाळ्याचा चेहरा पाहिला. दात आवळलेले, डोळे क्षणभर मिटलेले. आधीच्या दोन सामन्यांतही हे झालं असणार. तेव्हा त्याला दिसलं नव्हतं एवढंच. त्याला गलबलून आलं. या पोराला आपण पुन्हा पुन्हा त्याच दुखऱ्या जागी ढकलत होतो.

मुद्दाम त्याने काही केलं नाही. निदान त्याला तसंच वाटत होतं. पण त्याचा पाय वीतभर बाळ्याच्या डाव्या बाजूला सरकू लागला. उजवीकडे एक फट पडली आणि बाळ्यासारख्याला फट म्हणजे हमरस्ताच. तिसरा सामना हातचा गेला. चौथ्यात तर बाळ्याने जळूच्या संघाची दाणादाण उडवली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी लिहिलं की जळू म्हातारी झाली.

परत आल्यावर मॅडमनी त्याला एकट्याला बोलावलं. पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं. त्याचे स्वतःचे बूट त्यात स्वच्छ दिसत होते, आणि ते चुकीच्या जागी होते.

"हा पाय इथे काय करतोय?"

"वय झालं, मॅडम. पोहोचत नाही वेळेवर."

"वय झालेला पाय उशिरा पोहोचतो. हा आधीच जाऊन बसलाय."

मॅडमनी पडदा बंद केला.

"तुझ्या पोटात काहीतरी आहे आणि ते तुला सांगायचं नाही. ठीक आहे, खोदून विचारणार नाही. पण उद्या आरपारची लढाई आहे. तुझ्या मेहुण्यावर मी दुसऱ्याला लावते. तू त्यांच्या कोपऱ्यातल्या नेमबाजाला धर."

जळू "बरं" म्हणाला. बाहेर आल्यावर त्याला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

दुपारी घरी पोहोचला तर दाराशी होडीएवढे बूट. शेवटच्या सामन्यासाठी बाळ्याचा संघ गावात उतरला होता आणि ताईच्या हातचं जेवायला म्हणून तो थेट घरी आला होता. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाखाली त्याचे पाय मावत नव्हते. डावा पाय त्याने खुर्चीच्या बाजूने लांब सोडला होता.

जेवताना कोणी खेळाचं नाव काढलं नाही. ताई वाढत होती, आईच्या तब्येतीची चौकशी झाली, गळक्या नळाची चर्चा झाली. मग ताई पाणी आणायला उठली आणि बाळ्याने घास खाली ठेवला.

"दाजी, ताईने तुम्हाला सांगितलं ना?"

ताई तांब्या हातात धरून तिथेच उभी राहिली.

"चुकून निघून गेलं रे माझ्या तोंडून," ती म्हणाली.

"तुझ्यावर राग नाही, ताई. राग यांच्यावर आहे." तो दाजींकडे वळला. "मला काय कळत नाही? पहिल्या दोन सामन्यांत तुम्ही भिंत होतात. तिसऱ्यात अचानक दार उघडं. मी आत घुसतोय, लोक माझ्या नावाने ओरडतायत, आणि मला कळतंय की दाजींनी सोडलंय म्हणून मी जातोय. कसलं जिंकणं हे?"

"तुझा गुडघा..."

"गुडघा माझा आहे! खेळायचं मी ठरवलंय. डॉक्टरचं नाही ऐकलं, आईचं नाही ऐकलं, आणि तुम्ही न विचारता माझ्यासाठी ठरवून मोकळे झालात. लहानपणी अंगणात तुम्ही एकदा तरी मला मुद्दाम जिंकू दिलं होतंत का?"

"नाही."

"म्हणून तर मी तुमच्यामागे लागलो होतो. बाकी सगळे मोठे लोक मुद्दाम हरायचे."

आता ताईचा बांध फुटला. "दोघंही मूर्ख आहात," ती म्हणाली. "एकाला स्वतःचा पाय कळत नाही आणि दुसऱ्याला दुसऱ्याचा अभिमान. उद्या मी कोणाच्या नावाने टाळ्या वाजवायच्या ते तरी सांगा!" एवढं बोलून तिने दोघांच्याही ताटात न विचारता आणखी वाढलं. दोघांनी निमूटपणे खाल्लं.

बाळ्या निघाला तेव्हा जळू त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला. "उद्या दुसरा माणूस आहे तुझ्यावर," असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ती संघाची गोष्ट होती. ती त्याने गिळली. बाळ्या दिसेनासा झाल्यावर तो घरी न जाता सरळ मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मला बाळ्या परत द्या."

"कारण?"

"पोटात होतं ते गेलं. काय होतं ते मात्र विचारू नका."

मॅडमनी त्याला नीट न्याहाळलं. "पाय पुन्हा सरकला तर तिथल्या तिथे बाहेर काढीन. सगळ्यांदेखत."

"काढा."

पाचव्या सामन्यात पाय सरकला नाही. जळूने पहिल्याच चढाईत अर्धं अंग बाळ्याच्या उजव्या हाताला लावलं, ते शेवटपर्यंत काढलं नाही. बाळ्या डावीकडे गेला, थांबला, दात आवळले. जळूने ते पाहिलं आणि तरी हात वर केला. मध्यंतराच्या आधी एकदा दोघांची टक्कर होऊन दोघेही आडवे झाले. उठताना बाळ्याने हात पुढे केला. "आता कसं!" तो पुटपुटला.

प्रेक्षकांत ताई बसली होती. कोणत्याच संघाचा नसलेला करडा कोट तिने मुद्दाम घातला होता. चेंडू कोणाकडेही गेला की ती डोळे मिटून घेई.

पण बाळ्याही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. डावीकडे थांबणं जमत नाही म्हटल्यावर उत्तरार्धात त्याने थांबणंच सोडून दिलं. तो डावीकडे धावायचा, जळू आणि पहाड दोघांना अंगावर ओढून घ्यायचा आणि हवेतूनच चेंडू कोपऱ्यातल्या नेमबाजाकडे फेकायचा. बाळ्याचे स्वतःचे गुण थोडेच झाले, पण गुणफलक काही जळूच्या संघाला पुढे निसटू देईना.

शेवटच्या क्षणांत जळूचा संघ एका गुणाने पुढे होता आणि चेंडू बाळ्याच्या हातात. सगळं सभागृह उभं राहिलं. बाळ्याने उजवीकडे खांदा टाकला. जळू फसला नाही. बाळ्या डावीकडे निघाला. पहाड पुढे आला. या वेळी तो थांबला, त्याच गुडघ्यावर, जागच्या जागी खिळून. उडाला. जळू त्याच्याबरोबर उडाला आणि त्याचा पंजा बरोबर चेंडूसमोर आला. शॉटला जागाच उरली नाही. बाळ्याने शेवटच्या घटकेला मनगट वळवलं. चेंडू कोपऱ्यात गेला. नेमबाजापर्यंत कोणी पोहोचायच्या आत तो बास्केटमध्ये होता.

सामना संपला, मालिका संपली आणि जळूचा खेळही संपला.

तो कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. मॅडम जवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"बचाव बरोबर होता," त्या म्हणाल्या. "त्याने त्याहून बरोबर खेळ केला."

जळूने मान हलवली. वाईट वाटतच होतं, ते पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण लाज वाटत नव्हती. कोर्टच्या मध्यावर बाळ्या खाली बसला होता आणि त्याचे सोबती त्याला उचलून घ्यायला धावत होते. त्या सगळ्यांना बाजूला सारून जळूने आधी त्याच्या काखेत हात घातला. "डाव्या पायावर भार देऊ नकोस," तो म्हणाला. "आता घरची ड्यूटी."

अंतिम फेरीत बाळ्या जेमतेम एक सामना खेळू शकला. त्याचा संघ हरला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की कूर्चा आधीपासूनच फाटलेली होती, हे करावंच लागणार होतं. पण प्लेऑफच्या आधी केलं असतं तर बरं होण्याचे निम्मे दिवस वाचले असते. ताईने ते वाक्य दोघांनाही पुन्हा पुन्हा ऐकवलं. दोघांनीही वाद घातला नाही.

बरं होईपर्यंत बाळ्या ताईकडेच राहिला. जळूला आता सकाळी सरावाला जायचं नसे, म्हणून व्यायाम करून घ्यायचं काम त्याच्याकडे आलं. बाळ्या भिंतीला टेकून गुडघा वाकवायचा, घामाने निथळायचा आणि दाजींना शिव्या घालायचा. दाजी शांतपणे म्हणायचे, "अजून थोडा."

एका सकाळी बाळ्या दम खात म्हणाला, "दाजी, पुढच्या वर्षी नवा गुडघा घेऊन येईन. मग मला कसं अडवाल?"

"मला नको विचारू."

"का?"

"कालपासून मॅडमच्या हाताखाली कामाला लागलोय. संघाची गोष्ट घरात बोलायची नाही."

बाळ्या आधी बघतच राहिला आणि मग इतका हसला की भिंतीवरून घसरत खाली बसला. आतून ताईने ओरडून विचारलं, काय झालं, काय पडलं?

"काही नाही," दाजी म्हणाले आणि त्याला उठवायला खाली वाकले.