पाच नंबरची पेटी

इंझोरीच्या इंद्रभानजींना खेळण्यांचा नाद आहे, असं कोणी म्हटलं की ते त्या माणसाशी महिना महिना बोलत नसत. खेळतात ती पोट्टी. इंद्रभानजी जमवत. खेळणं वेगळं आणि जमवणं वेगळं, हे त्यांनी गावाला कितीदा तरी समजावून सांगितलं होतं आणि गावानंही प्रत्येक वेळी मान डोलावली होती. एवढ्या काळ्याभोर जमिनीच्या मालकाला वेडा म्हणायची पद्धत नाही. त्याला हौशी म्हणतात. वेडा म्हणायचं ते दोन एकरवाल्याला.

जमवत काय, तर विटा. बोटाच्या पेराएवढ्या, लाल, पिवळसर आणि निळ्या. दगडाची पूड दाबून केलेल्या विलायती विटा. त्यांच्यासोबत इवल्या कमानी, खांब, छपराचे तुकडे. सगळं लाकडी पेटीत चपखल बसवलेलं, वर सरकतं झाकण आणि झाकणावर रंगीत चित्र. पेट्यांना नंबर असत. एक नंबरच्या पेटीत झोपडी होई, दोन नंबरची जोडली की बंगला, आणि पुढे असंच वाढत जाई.

गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा अकोल्याला एकाच्या सामानाचा लिलाव झाला होता. इंद्रभानजी तिथे खोगीर घ्यायला गेले होते. घोडा त्यांच्याकडे नव्हता, पण खोगीर स्वस्तात मिळालं तर पुढेमागे घोडाही घेता येईल असा त्यांचा विचार. खोगीर दुसऱ्यानं नेलं आणि इंद्रभानजी एक नंबरची पेटी घेऊन घरी आले. पुढच्या दहा वर्षांत मुंबईहून दोन, तीन आणि चार नंबरच्याही आल्या. काही नंबर तर दोन-दोन: एक उघडायची, एक कधीच न उघडायची. न उघडायची पेटी जास्त मोलाची, असं ते सांगत. त्यांची बायको तुळसाबाई म्हणत, "मंग रिकामीच आणाची. झाकण थोडंच उघडून पाहाचं हाये!"

सरकी ठेवायची खोली पेट्यांना दिली गेली आणि सरकी ओसरीवर आली. हे सगळं बरं चाललं होतं, पण सत्तावन सालच्या सुमारास सरकारनं परदेशी मालावर बंधनं आणली आणि मुंबईच्या दुकानदारानं हात वर केले. पाच नंबरची पेटी राहिली ती राहिलीच. त्या पेटीत पूल होता. देशापुढे तेव्हा धान्याचे, धरणांचे, कसले कसले प्रश्न होते म्हणतात. इंद्रभानजींना त्यांतला हा एक तेवढा नीट कळला होता.

घरात आणखी एक प्रश्न होता: धाकटी बहीण रंगूबाई. आईबाप लवकर गेले, तेव्हा इंद्रभानजींनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, म्हणजे तुळसाबाईंनी वाढवलं. इंद्रभानजींनी तिला पेट्या पुसायचं काम दिलं होतं. परकराच्या वयापासून ती कोरड्या फडक्यानं एकेक कमान पुसत आली होती. एकदा एक खांब हरवला तर तिला दोन दिवस अंगणातली माती चाळायला लावली होती. खांब इंद्रभानजींच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. त्याबद्दल कोणी कोणाला काही बोललं नाही.

लग्नाचं निघालं तेव्हा रंगूबाईनं एकच अट घातली.

"गरीब चालन, काळा चालन, सासू खाष्ट असली तं तिले मी पाहून घेईन. पण घरात हे इटुकल्या इटा नोको."

"असं कोण असते व दुसरं?" तुळसाबाई म्हणाल्या. "हे तं आपल्याच नशिबात."

शिरपूर जैनचं स्थळ आलं. मुलाचा बाप उकंडराव. शेती बरी, माणसं सरळ. सोबत जाणारा मामा तापानं पडला म्हणून इंद्रभानजी एकटेच निघाले. तुळसाबाईंनी बैलांच्या दमणीत बसेपर्यंत पढवलं: उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं का ते पाहा, पोरगा दारू पितो का ते शेजारी विचारा, आणि आईशी कसा बोलतो ते कान देऊन ऐका.

दोन मोटारी बदलून, अंगावर बोटभर धूळ घेऊन इंद्रभानजी शिरपूरला उतरले. जैन मंदिराच्या यात्रेकरूंची गर्दी ओलांडून मागच्या आळीत उकंडरावांचं घर होतं. सतरंजी अंथरली, पोहे आले, चहा आला. मुलगा जगदेव पांढरं धोतर नेसून समोर येऊन बसला. इंद्रभानजी विहिरीचं विचारायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांचं लक्ष जगदेवच्या डोक्यावरून मागच्या कोनाड्यात गेलं. कोनाड्यावर पडदा होता, पण तो वाऱ्यानं सरकला होता. आत एक लाकडी पेटी होती आणि पेटीवर पुलाचं चित्र होतं.

उकंडराव सांगत होते, "बैलजोडी आत्ताच घेतली, चारदाती, जवान हाये…"

"ते काय हाये?" इंद्रभानजींनी विचारलं.

उकंडरावांनी झटकन पडदा ओढला. त्यांचा चेहरा दारूची भट्टी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला. "काई नाई. जुनंपानं सामान. पोट्ट्यानं कॉलेजात असताना नागपूरच्या बाजारातून आणलं होतं. आता सुटला तो नाद."

"नाई सुटला," जगदेव म्हणाला.

उकंडराव जोरात खोकले. पण जगदेव पाहुण्याकडे टक लावून पाहत होता. "तुमाले ठावूक हाये ते काय हाये ते?"

"पाच नंबर," इंद्रभानजी म्हणाले, आणि त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

त्यानंतर विहीर पाहायला म्हणून दोघे उठले. विहिरीपर्यंत ते पोचलेच नाहीत. वाटेतल्या गोठ्यात जगदेवनं पेंढीखालून आणखी दोन पेट्या काढल्या. बैलांच्या साक्षीनं दोघांनी पाच नंबरचं झाकण सरकवलं. आतल्या सहा कमानी, एकीला एक लागलेल्या, जशा कारखान्यातून निघाल्या तशा. इंद्रभानजींनी एक उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. आयुष्यात त्यांनी बायकोच्या तोंडाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"चार नंबरची मोठी कमान नाई माह्याकडे," जगदेव हळूच म्हणाला. "तिच्यावाचून पूल अधांतरी राह्यते."

"माह्याकडे दोन हायेत," इंद्रभानजी म्हणाले.

मुलगा पसंत पडला. कोणाला आणि कशासाठी, हे बैलांनी विचारलं नाही. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पाच नंबरची पेटी इंझोरीला यायची आणि बदल्यात चार नंबरची एक अख्खी पेटी, मोठ्या कमानीसकट, शिरपूरला जायची, असं ठरलं. निघताना मात्र इंद्रभानजींना बहिणीची अट आठवली. माणसाला काळीज असतं, ते असं मधूनमधून आठवण करून देतं. त्यांनी जगदेवला बाजूला घेतलं.

"आमच्या घरी या इटांचं कोणाजवळ काढजो नोको. लग्न झाल्यावर सावकाश सांगजो."

"काहून?"

"बायामाणसाले समजत नाई यातलं."

घरी आल्यावर तुळसाबाईंनी पायावर पाणी पडायच्या आत विचारलं, "इहिरीले पाणी?"

"भरपूर."

"पितगीत नाई ना?"

"कोण, पोरगा? छे. हात लय स्थिर हाये त्याचा."

"आईसंग कसा बोलते?"

आई घरात होती की नव्हती तेही इंद्रभानजींना आठवेना. "लय गोड," ते म्हणाले.

रंगूबाई दाराआड उभी होती. ती पुढे आली. "दादा, मले एवढंच सांग. त्या घरात इटा तं नाई ना?"

"इटा?" इंद्रभानजी असे काही हसले की जणू असा शब्दच त्यांनी पहिल्यांदा ऐकला. "वेडी का खुळी तू? भिताडाच्या असतीन तेवढ्याच."

साक्षगंधाला शिरपूरची मंडळी आली. लुगडं आलं, जोडवी आली, नारळ-साखर आली. नवरदेवाच्या मांडीवर मात्र फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं आणि ते तो कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हता. दागिने असतील म्हणून बायकांनी माना उंचावल्या. रंगूबाईला कुंकू लागलं, ती नवं लुगडं नेसली, आणि अंगणात पंगत बसली. वरण-भात वाढला, तूप वाढलं. पण नवरदेवाचा पाट रिकामा होता आणि इंद्रभानजींचाही. नवरदेवाशिवाय पहिला घास कोण घेणार? उकंडराव भातावर थिजत चाललेल्या तुपाकडे पाहत बसले. आलेल्या म्हाताऱ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"गेले कुठी हे?" तुळसाबाई घरभर शोधत होत्या.

रंगूबाईला शोधावं लागलं नाही. ती सरळ सरकीच्या खोलीकडे गेली आणि तिनं दार ढकललं.

कपाळावर गंध, खांद्यावर शेला अशा थाटात नवरदेव जमिनीवर पालथा पडला होता. समोरून इंद्रभानजीही पालथे. दोघांच्या मधे सात कमानींचा पूल जवळपास पुरा झाला होता, आणि दोघेही श्वास रोखून मधली मोठी कमान खाली उतरवत होते.

रंगूबाई दारातच उभी राहिली. मागे तुळसाबाई आल्या, त्यांच्या मागे उकंडराव, त्यांच्या मागे पंगतीतले उपाशी.

"तुमच्या घरी किती पेट्या हायेत?" रंगूबाईनं नवरदेवाला विचारलं. लग्नाआधी मुलीनं मुलाशी असं बोलायची तेव्हा रीत नव्हती. पण नवरदेवानं असं पालथं पडायचीही नव्हती.

जगदेव उठून बसला. त्याचे कान लाल झाले होते. "तीन होत्या. हे इथं दिली. आता दोन."

"लपवून ठेवल्या होत्या?"

"बाबा लपवते. मी नाई लपवत. मी तं तुमाले पहिलेच सांगणार होतो. तुमचे दादाच म्हणले, लग्न झाल्यावर सांगजो."

सगळ्यांनी इंद्रभानजींकडे पाहिलं. इंद्रभानजींनी पुलाकडे पाहिलं. पूल भक्कम उभा होता.

"म्या तुले एकच गोष्ट विचारली होती, दादा."

"अवो रंगू, पण पोरगा चांगला हाये…"

"पोरगा चांगला हाये ते मले दिसून राह्यलं. विचारल्याबरोबर खरं सांगतलं त्यानं. तुह्यं काय?"

इंद्रभानजींनी धोतर झटकलं. रंगूबाई उकंडरावांकडे, होणाऱ्या सासऱ्यांकडे वळली, पदर सावरला आणि मान खाली घालून, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "मामाजी, सोयरीक मले कबूल हाये. आंदणात मले गाय नोको, भांडेही नोको. या खोलीतल्या साऱ्या पेट्या पाह्यजे. उघडलेल्याही अन् न उघडलेल्याही."

"साऱ्या?" उकंडरावांच्या तोंडून केविलवाणं निघालं. आजवर दोन-तीन पेट्या लपवतानाच त्यांचे कोनाडे पुरत नव्हते.

"साऱ्या. दोन घरं कायले खराब करायचे? एकाच घरी राहू द्या हा पसारा."

"दिल्या!" तुळसाबाई म्हणाल्या. संसारात एवढा चटकन निर्णय त्यांनी कधी घेतला नव्हता.

"अवो, असं काय करून राह्यल्या तुमी साऱ्या!" इंद्रभानजी ओरडले. "खेळण्याच्या पेट्या आंदणात कोणी देते का? लोकं हासतीन!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या तोंडानं त्यांना खेळणी म्हटलं होतं. पंगतीतला एक म्हातारा शेवटी म्हणाला, "इंद्रभानजी, खेळण्याच्याच हायेत तं देऊन टाका ना बाप्पा. अन् जेवायले चला." भुकेल्या पंचांपुढे कोणाचं काय चालतं? दिल्या.

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी बायका रडल्या, तुळसाबाई हुंदके देऊन रडल्या. पण साऱ्यांत मोठ्यानं रडले ते इंद्रभानजी. नवरीच्या दमणीमागून पेट्या भरलेली बंडी निघाली तसे ते दोन्ही हात पसरून धावले. गावाचे डोळे पाणावले. बापाच्या मागं बहिणीवर एवढी माया करणारा भाऊ पाहिला नाही, असं लोक म्हणाले, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी पदर तोंडाला लावला. बंडी वळणाआड गेली तेव्हा इंद्रभानजी रिकाम्या खोलीत येऊन बसले. तिथे फक्त रंगूबाईचं पेट्या पुसायचं फडकं खुंटीवर राहिलं होतं. ते त्यांनी हातात घेतलं, आणि मग जे रडू आलं ते त्यांनाही नीट ओळखू येईना. या वेळी ते पाहायला कोणी नव्हतं, त्यामुळे गावात त्याचं नाव झालं नाही.

आठवड्यानं सरकी पुन्हा खोलीत गेली.

त्यानंतर इंद्रभानजी दर महिन्याला शिरपूरला जाऊ लागले. दोन मोटारी, बोटभर धूळ, हातात बहिणीसाठी कधी तिळाचे लाडू, कधी तुरीची डाळ. शिरपुरात भावाच्या प्रेमाची कीर्ती पसरली. आळीतल्या सासवा सुनांना ऐकवू लागल्या की भाऊ असावा तर असा. रंगूबाई भावाला पोटभर जेवू घाले, वहिनीची खुशाली विचारी, वावराचं विचारी, आणि भाऊ दर दोन घासांनी आतल्या खोलीकडे बघे, ते न पाहिल्यासारखं करी. जगदेव आतून कान देऊन बसलेला असे.

एकदा, दिवाळीनंतर, तिनं ताक वाढता वाढता विचारलं, "दादा, खरं सांग. तू येतो कोणाले भेटाले?"

इंद्रभानजींचा घास हातातच राहिला. "तुलेच" हा शब्द ओठांवर तयार होता. बहिणीचं तोंड पाहून त्यांनी तो गिळला.

"पेट्यांले," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, ताटाकडे पाहत, "आता तुलेही."

"बरं," रंगूबाई म्हणाली. "ताक पी. मंग जा आत. पण सहा नंबरची पेटी नागपूरले आली म्हणून तुमी दोघं कुजबुजून राह्यले ना, ते माह्या कानावर आलं हाये. ते या घरात येणार नाई."

आतल्या खोलीत काहीतरी गडगडत कोसळल्याचा आवाज आला. जगदेवच्या हातून बहुतेक पूल सुटला असावा.