पेटी आणि खुंटी

आमच्या सासरी शेजारणीला कोयता उसना देत नाहीत. कुऱ्हाड नाही, उंदराचा सापळासुद्धा नाही. आपण दिलेल्या हत्यारानं कुणी जीव घेतला तर त्यात आपलाही वाटा, त्याला आम्हा जैनांत हिंसादान म्हणतात. शेजारच्या तानाबाईंना नारळ फोडायचा असला की त्या नारळच घेऊन येतात आणि माझ्या सासूबाई, रत्नाबाई, तो फोडून देतात.

"कोयता देत न्हाईस, राबतीस मात्र फुकट," तानाबाई म्हणतात.

"बस की, चहा पण फुकटच हाय," सासूबाई म्हणतात.

अशा घरात लढाऊ विमानाचं काम आलं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची शेड आहे. माझा नवरा पारस तिथं पंपाचे सुटे भाग करतो, आणि ते काम गेली दोन वर्षं आटतच चाललंय. बेंगळुरूच्या एका कंपनीकडं जुन्या लढाऊ विमानांत नवी यंत्रणा बसवायचं काम आहे. त्यातले दोन भाग आमच्याकडून करून घ्यायला ते तयार होते. पहिला भाग म्हणजे एक पेटी, तिचं सॅम्पल पासही झालं होतं. पण शेड माझ्या सासऱ्यांच्या, नेमगोंडा आप्पांच्या नावावर, आणि त्यांच्या होकाराशिवाय आमच्याकडं नवीन काम लागत नाही.

"आप्पा तुझंच ऐकतात," पारस शनिवारी म्हणाला. "त्यांना पेटीचं सांग. दुसरा पार्ट पंखाखाली क्षेपणास्त्र टांगायचा ब्रॅकेट हाय. त्याचं आत्ता काढू नको. पुढच्या वर्षी बघू."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर मी नोकरी धरतो बेंगळुरूला. ऑफर पडूनच हाय की."

हे त्यानं साधंच सांगितलं. आमची अपूर्वा दोन वर्षांची आहे. गेल्या थंडीत तापात तिला झटका आला. डोळे वर गेले, ओठ निळे पडले. पारसनं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, डॉक्टरांना फोन लावला. मी तिथंच होते आणि माझे हात हलले नाहीत. मोठी झाली की हे थांबतं, असं डॉक्टर म्हणतात. तोवर मी दिवसभर तिच्या कपाळाला हात लावत फिरते. पारस बेंगळुरूला, आणि घरात मी, दोन म्हातारी माणसं आणि तिचा ताप, एवढंच मला दिसत होतं.

रविवारी सकाळी पारसनं सॅम्पल घरी, पुढच्या सोप्यात आणलं. ॲल्युमिनियमची पेटी, आत चौकोनी खण. अपूनं लगेच एकेका खणात खडू घालायला सुरुवात केली.

आप्पांनी पेटीवर बोट फिरवलं. "स्नेहल, हे मारतंय काय?"

"नाही आप्पा. हे वाचवतं." मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेय, एवढं मला सांगता येतं. "मागून येणारं क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेवर येतं. ते येतंय हे विमानातले नवे सेन्सर आधीच ओळखतात. मग या खणांतून जळत्या नळ्या सुटतात. त्या इंजिनापेक्षा जास्त तापतात. क्षेपणास्त्र त्यांच्यामागं जातं आणि विमान निसटतं."

"आणि नळ्या कुणाच्या रानात पडत्यात?"

"बहुतेक हवेतच जळून जातात. विमान खूप खाली असलं तर पडूही शकतात."

आप्पा हसले. "म्हंजे टिटवी की गं! कळंब्याच्या रानात नांगर धरला की टिटवी लांब जाऊन पंख मोडल्यागत लोळायची, ओरडून कालवा करायची. आपण तिच्या मागं जावं म्हणून. अंडी असायची दुसरीकडंच."

"मग तुम्ही काय करायचा?"

"मागं न्हाय जायचो. अंडी हुडकायचो आणि तेवढी जागा सोडून नांगर वळवायचो." ते पारसकडं वळले. "घे बाबा काम. चांगलं हाय."

पारसचा चेहरा एकदम सैल झाला. सासूबाई चहाला उठल्या. मलाही सुटल्यासारखं वाटलं, पण ते क्षणभरच. पेटीच्या नावानं मी इतका वेळ कालवा केला होता, आणि अंडी दुसरीकडंच होती. मी आप्पांना त्या अंड्यांपासून लांब नेत होते. आणि ज्यांना मी फसवत होते, तेच माझ्या हुशारीवर खूश होते.

"आप्पा, अजून एक पार्ट आहे," मी म्हणाले.

पारसनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"पंखाखालचा. क्षेपणास्त्र टांगायचा. कंपनीला दोन्ही हवेत. आणि या पेटीनं वाचलेलं विमान घरीच येतं असं नाही, परत लढायलाही जातं. तेही तुम्हाला कळायला पाहिजे."

"खुंटी," आप्पा म्हणाले. त्यांनी पेटीतला एक खडू काढून अपूच्या हातात दिला. मग म्हणाले, "वाचलेला माणूस पुढं काय करंल, ते आपल्या हातात न्हाय. ही पेटी करा. खुंटी न्हाय करायची."

पारस फोन घेऊन अंगणात गेला. परत आला तेव्हा कुणाकडंच बघत नव्हता. "दोन्ही, न्हायतर काहीच न्हाय, म्हणत्यात."

"मग न्हाय," आप्पा म्हणाले.

"झालं समाधान?" हे त्यानं मला विचारलं.

त्यानं बेंगळुरूची नोकरी धरली आणि पुढचे दोन आठवडे कामापुरतं बोलला. जायच्या दिवशी मी त्याच्या बॅगेत कपडे भरत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "झटक्याचं आप्पांना शिकवून ठेव. तुला सुचत न्हाय तवा."

लागलं मला. पण खरं होतं.

सोप्यात चटई घातली. अपूला त्यावर झोपवलं आणि मी दाखवत गेले. घट्ट धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, मान जरा मागं, आणि झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघायचं. आप्पांनी चष्मा वर सरकवला, गुडघे टेकले आणि नातीला वळवलं. अपूला तो खेळ वाटला. ती खिदळून परत उताणी झाली. "अजून, आजोबा!"

"आप्पा, खांद्याला न्हाय, कमरेला धरा," दारातून पारस म्हणाला. मग बॅग खाली ठेवून चटईवर आला आणि त्यांचा हात नीट जागी ठेवला. "आता तू कर," तो मला म्हणाला.

मी केलं. पहिल्यांदा हात अडखळले. दुसऱ्यांदा नाही.