चांगुणाबाईचे जाड पापड

राणीसावरगावात आमच्या गल्लीत माझ्याइतका पातळ पापड कुणाचा होत नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. त्याला कारणही माझं तोंडच. गेल्या उन्हाळ्यात चांगुणाबाईच्या ओसरीवर लाटायला बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चांगुणाबाई, पापड लाटायलात का भाकरी थापायलात?" बायका हसल्या. ती हसली नाही. तेव्हापासून मी दिसले की ती रस्ता बदलायची.

आमच्याकडे पापड एकटीनं कुणी करत नाही. आदल्या संध्याकाळी निरोप धाडायचा, सकाळी बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. यंदा माझ्या लेकीचं, निकिताचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि नेमकी मी गंगाखेडला एसटीतून उतरताना पडले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. लेक सासरी निघाली आणि तिच्या सोबत घरचे पापड नाहीत, हे मला सहन होणार नव्हतं.

"आई, निरोप धाडू का?" निकितानं विचारलं.

"काई गरज न्हाई."

खरं म्हणजे मला भीती वाटत होती. एवढी सगळ्यांना बोललेली मी. निरोप धाडला आणि कुणीच आलं नाही तर? त्यापेक्षा अर्धा किलो पीठ भिजवू, निकिताच लाटेल, असं ठरवलं.

पीठ भिजवायचं काम आमच्या मालकांना, बन्सीधररावांना दिलं. तिथंच घात झाला. त्यांनी पाच किलोचा अख्खा डबा परातीत ओतून भिजवला.

"अवो, हे काय केलंत?"

"दर साली एवढंच असतंय की!"

भिजलेलं उडदाचं पीठ थांबत नाही, त्याच दिवशी लाटावं लागतं. मी कपाळाला हात लावला, डावा. मालकांनी मात्र अंगणातल्या उखळात पीठ टाकलं आणि मुसळ उचललं. धप! धप! प्रत्येक घावाला तोंडानं 'हुं!'

"हळू कुटा, गल्लीला ऐकू जायलंय!"

"हळू कुटल्यावर पीठ मऊ व्हतंय व्हय?"

एवढ्यात फाटक वाजलं. बघते तर चांगुणाबाई, काखेत पोळपाट. मागे शेजारची राजेश्री आणि आणखी चौघी.

"मनकर्णाबाई, निरोप धाडायला बी हातच लागतो का?" चांगुणाबाईनं विचारलं.

"मला वाटलं, तुमी रागावलाव…"

"रागावलेच हाय. पर उखळ वाजायलंय, बाई मोडून पडलीय, अन् आमी काय घरी बसावं?"

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात राजेश्री म्हणाली, "काकू, एक अट हाय. आज तुमचं तोंड बंद."

दिवसभर मी लाट्यांना तेल लावत गप्प बसले. जीभ लय वळवळत होती. दुपारी चांगुणाबाईनं एक पापड मुद्दाम माझ्या डोळ्यांपुढे धरला. गोधडीसारखा जाड, एका बाजूला वाकडा.

"कसा झालाय?"

सगळ्यांची लाटणी थांबली.

"लय चांगला," मी म्हणाले आणि मला रडूच आलं. खोटं नव्हतं ते. तेवढा चांगला पापड मी जन्मात बघितला नव्हता.

"तिकडं सरकून रडा," चांगुणाबाई म्हणाली, "पापड वल्ले व्हतील." मग मात्र ती हसली. वर्षानंतर हसली.

दोन दिवसांनी पापड वाळले. निकिता डबा भरू लागली.

"आई, चांगुणाकाकूचे जाड पापड घरीच ठेवू का? सासरी हसतील."

"घरी न्हाई. सगळ्यात वर ठेव."

"अन् हसले तर?"

"हसू दे. त्यायला सांग, माझी आई ज्या बाईला टोचून बोलली, तीच बाई बिनबोलावता आली अन् तिनं हे लाटले."