घासलेलं नाव

मुठीची बांबूची खुंटी काढून तलवारींचे पारखी सुगिउरा सेन्सेईंनी आपल्या मनगटावर हलकीशी ठोक मारली, आणि तात्सुझोंच्या तलवारीचं पातं मुठीतून बाहेर सरकलं. देवळाच्या सभागृहात बसलेले गावच्या तलवार मंडळाचे दहा-बारा म्हातारे पुढे वाकले. मागे चहा ओतणारी तात्सुझोंची सून नाओएही मान उंचावून बघू लागली. तिनं केलेलं काम आता सगळ्यांना दिसणार होतं.

मुठीत लपणाऱ्या पात्याच्या बुंध्यावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं. तात्सुझोंच्या घराण्यातल्या या तलवारीवर सेकी गावच्या कानेतोकीचं नाव होतं, पण ते काळ्या गंजात पार बुडालेलं. मोतीबिंदू झाल्यापासून तर तात्सुझोंना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. नाव खरं की खोटं आणि तलवारीचं मोल काय, हे वर्षातून एकदा शहरातून येणारे सेन्सेई आज सांगणार होते. म्हणून सासरे हॉस्पिटलात असताना नाओएनं भांड्यांची पावडर आणि काथ्या घेऊन बुंधा लख्ख घासला होता.

नवरा योशिरो गेल्यापासून या घरात आपण कोण, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. सासरे चारचौघांत तिला 'योशिरोची बायको' म्हणत, आणि घरात काहीच म्हणत नसत. तोयोहाशीला राहणारी तिची बहीण फोनवर रोज तेच सांगे, "म्हाताऱ्याची धुणीभांडी करत किती दिवस काढणार? ये निघून." आज सासऱ्यांच्या तोंडून एक धड शब्द निघाला नाही तर खरंच जायचं, असं नाओएनं ठरवलं होतं.

"अरे देवा!" हाचिया न्हावी म्हणाला.

सेन्सेईंनी पातं उजेडाकडे फिरवलं. "अक्षरं कानेतोकीसारखी आहेत. पण ती त्याची, की मागाहून कुणी कोरलेली, हे मी अक्षरांतल्या गंजावरून ओळखतो. चारशे वर्षांचा साक्षीदार होता तो, आणि त्यालाच कुणीतरी आंघोळ घातलीय." कुणी हसलं नाही. "पातं सुरेख आहे. नावाची खात्री असती तर तीस लाख येन म्हटलं असतं. आता दहा म्हणतानाही जीभ अडखळते. कुणी केलं हे?"

नाओएनं किटली खाली ठेवली आणि माफी मागत कपाळ जमिनीला टेकायला गुडघ्यांवर पुढे सरकली. "मी..."

"मी केलं," तात्सुझो मोठ्यानं म्हणाले.

मंडळात नवा कुणी आला की 'मुठीतल्या गंजाला हात लावलास तर हात कलम करीन' असा दम भरणारा हाच माणूस होता. तलवारीतलं कळतं एवढाच काय तो त्यांचा गावात मान.

"तात्सुझोसान, तुम्ही?" हाचिया उसळला. "गेल्या वर्षी मी नुसतं फडकं फिरवलं तर मला गाढव म्हणालात! लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"आपण कोरडे पाषाण," तात्सुझोंनीच पुरं केलं. "साठी बुद्धी नाठी, आणि मी तर ऐंशीचा. आता मला गाढव म्हण, फिट्टंफाट."

हाचियानं म्हणूनही घेतलं. हशा पिकला. सासऱ्यांचे कान लालबुंद झालेले नाओएला मागूनही दिसत होते. तिला ते बघवेना.

परतीच्या वाटेवर, वाळत घातलेल्या पर्सिमन फळांच्या माळांखालून जाताना तिनं धीर केला. "बाबा, ते मी केलं होतं."

"ठाऊक आहे. लिंबाच्या वासाची तुझी पावडर. कधीकधी माझ्या भातालाही वास येतो तिचा."

"मग खोटं का बोललात?"

"कुठे खोटं बोललो?" म्हातारबुवा काठी टेकत थांबले. "गंजाला हात लावू नका म्हणून अख्ख्या गावाला सांगत फिरलो. तुला कधी सांगितलं? त्या तलवारीजवळ तुला कधी बसू दिलं? मग चूक कुणाची?"

नाओएच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा मूठ काढली, बुंधा थेट डोळ्यांजवळ नेला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, "का-ने-तो-की." मग म्हणाले, "मागे योशिरोनं वाचून दाखवलं होतं. त्यानंतर आजच."

त्यांनी पातं उभं धरून तिच्यापुढे केलं. तिनं हात मागे घेतला.

"धर. उघड्या हातानं, घट्ट. बुंध्याला पावडर नाही की काही नाही, नुसता माणसाचा हात. हात लागत लागत गंजाचा रंग पुन्हा चढत जातो."

"किती दिवसांत?"

"पहिल्यासारखा व्हायला? चारशे वर्षं." तात्सुझोंनी गुडघ्यांवर पांघरूण ओढलं. "म्हणून म्हणतो, बस. मला काही तितका वेळ नाही. आपल्या घरात आता सुरुवात तुलाच करायची आहे."

नाओए बुंधा मुठीत घट्ट धरून बसली.