तिनाने भागलेले दोर

जहाजाचं मॉडेल करणाऱ्या माणसाची लायकी मला त्याच्या दोरांवरून कळते. लाकूड काय, कोणीही घासतं. रंग कोणीही फासतं. दोर निवडायची वेळ आली की मात्र भले भले तोंडावर पडतात. कोणी शिवणकामाचा दोरा लावतो, त्याला इतकी लव असते की जहाजाची आठवडाभर दाढी राहिल्यासारखी वाटते. कोणी नायलॉन लावतो, तो चकाकतो आणि सहा महिन्यांत सैल पडून लोंबतो. आणि एक जात अशी आहे की ती दुकानातून ‘मॉडेलसाठी खास दोर’ असं छापलेलं पाकीट विकत आणते. त्या जातीशी मी बोलतसुद्धा नाही.

मी दोर स्वतः वळतो. जाळ्यांच्या कारखान्यात तीस वर्षं सूत तपासलं, निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत यंत्र बसवलं. एका टोकाला तीन हूक, दुसऱ्या टोकाला एक, मधे ताणलेलं लिननचं सूत. हँडल फिरवलं की पीळ बसतो आणि तीन धाग्यांचा एक दोर होतो, अगदी खऱ्या जहाजावरच्यासारखा, फक्त बारीक. सोळा जाडींचे दोर माझ्या खणांत आहेत. आमच्या मॉडेल मंडळात ज्याला चांगला दोर हवा असतो तो माझ्याकडे येतो, चार शब्द ऐकून घेतो आणि दोर घेऊन जातो.

ज्याला चार शब्द ऐकवायला नको होते त्यालाही मी ऐकवले. तो म्हणजे माझा जावई. हा गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतो. लेकीनं त्याच्याशी लग्न केलं तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, म्हाताऱ्यांची सोय झाली. पुढे त्याला जहाज करायची हौस आली, मला खूश करायला, दुसरं काय. दीड वर्षापूर्वी दोघं जेवायला आले होते, आणि त्यानं खिशातून ते ‘खास दोर’ छापलेलं पाकीट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. “बाबा, हा दोर चालेल का?”

मी म्हणालो, “चालेल की. कवळी घशात जाऊ नये म्हणून बांधून ठेवायला उत्तम आहे.”

तो हसला. खरंच हसला, वेड्यासारखा. लेक मात्र उठली, तिनं पर्स घेतली आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेली. त्यानंतर तिनं या घरात पाऊल ठेवलं नाही. बायको गेल्यापासून मला बोलायला तीच एक होती. दर रविवारी यायची, यंत्राशेजारी स्टुलावर बसायची आणि मी मंडळातल्या एकेकाची सालं काढायचो ती ऐकायची. दीड वर्ष ते स्टूल रिकामं आहे. मला तिची फार आठवण येते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कोणाला सांगण्यासारखं माणूसही नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला.

“तो प्रदर्शनात जहाज ठेवतोय. त्याला तुमचेच दोर हवेत. मी नको म्हणत होते.”

“देतो की.”

“बाबा, नीट ऐका. एकदा, एकदाच, त्याला माणसासारखं वागवा. जमलं तर मी रविवारी येत जाईन, पहिल्यासारखी. नाही जमलं तर मी पुन्हा फोन करणार नाही.”

मी म्हणालो, जमेल. त्यात काय अवघड होतं? दोर वळायचे, द्यायचे आणि तोंड बंद ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी जावयाकडून मोबाईलवर यादी आली. वर लिहिलं होतं, ‘दोरांची जाडी, मिलिमीटर’. पुढे बावीस ओळी. मोठ्या डोलकाठीला पुढून धरणारा मुख्य दोर, दोन पूर्णांक चार दशांश. मला हसूच फुटलं. जुन्या पुस्तकांत दोराचं माप घेरानं देतात, म्हणजे दोराभोवती फीत गुंडाळली तर जेवढी भरेल तेवढं. जाडी काढायची तर त्याला साधारण तिनाने भागावं लागतं. नवशिक्यांना हे ठाऊक नसतं. ते घेरालाच जाडी समजतात आणि जहाजावर अजगर लटकवून मोकळे होतात. कवळीवाल्याचं जहाज असून असून किती मोठं असणार? हातभर. हातभर जहाजावर अडीच मिलिमीटरचा दोर? गाढवाला गुळाची चव काय, म्हणालो, आणि बावीसच्या बावीस आकडे तिनाने भागले.

त्याला फोन करून विचारता आलं असतं. पण मला वाटलं, कशाला त्याची अक्कल काढा, लेक चिडेल. गुपचूप सुधारून देऊ. स्वतःच्या मोठेपणावर मी इतका खूश झालो की त्या आठवड्यात मंडळात कोणालाच शिव्या दिल्या नाहीत.

तीन आठवडे खपलो. एवढं बारीक वळायचं म्हणजे केसासारखं सूत लागतं, दर चार हातांवर तुटतं. काळपट दोर वेगळे, फिकट दोर वेगळे, सगळ्यांना मेण लावलं, बावीस पुठ्ठ्यांवर गुंडाळले, नंबर घातले. तो घ्यायला आला, लेक खाली गाडीत थांबली. त्यानं एक पुठ्ठा उचलला, बोटांवर दोर फिरवला आणि क्षणभर थबकला.

“केवढे नाजूक आहेत, बाबा.”

“असेच असतात,” मी म्हणालो. तोंड बंद ठेवायचं होतं, म्हणून पुढचं गिळलं.

प्रदर्शन एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. मी आत शिरलो, त्याचं जहाज शोधत लहान टेबलांपाशी गेलो. तिथे नव्हतं. ते मधोमध होतं, स्वतंत्र टेबलावर. चांगलं चार फुटांचं.

काम बघून मला घाम फुटला. फळ्या अशा बसवल्या होत्या की सांध्यात नख शिरू नये. दात घडवणाऱ्याचे हात, शेवटी. तोफांची झाकणं, कठडे, नक्षी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि वर, त्या भरभक्कम डोलकाठ्यांवर, माझे दोर. कोळ्यानं जाळं विणून सोडून दिलंय असे. चार फुटांच्या जहाजाला दोन पूर्णांक चार दशांश अगदी बरोबर बसलं असतं. यादीत जाडी लिहिली होती ती जाडीच होती.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष आले. या माणसाच्या हातात कायम भिंग असतं आणि डोक्यात कायम काही नसतं, पण आज त्याला भिंगाचीही गरज पडली नाही.

“जहाज अप्रतिम,” तो म्हणाला. “पण ही डोलकाठी या दोऱ्यावर उभी राहणार? बटणं टाचायची आहेत का याने? दोर कोणाचे?”

हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं माझे दोर कसे दिसतात. दोघं-तिघं माझ्याकडे बघायला लागले.

“दोर बाबांचे आहेत, पण चूक माझी,” जावई पटकन म्हणाला. “मापं मीच चुकीची दिली असणार. पहिलंच जहाज आहे ना.”

“तरीच,” अध्यक्ष म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

लेकीनं मला बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावलं.

“ती यादी मी केली होती,” ती म्हणाली. “पुस्तकातला घेर घेतला, तिनाने भागला, मग जहाजाच्या मापावर उतरवला. लहानपणी तुम्हीच शिकवलंत. तुम्ही ते पुन्हा भागलंत, हो ना?”

“मला वाटलं, त्यानं…”

“ठाऊक आहे तुम्हाला काय वाटलं. दोर बघितले त्याच दिवशी मला कळलं. मी त्याला म्हटलं, बाबांना विचार. तो म्हणाला, इतकी वर्षं वळतायत, त्यांना कसं विचारायचं. अजूनही त्याला वाटतंय की आमचंच कुठेतरी चुकलं. काल पहाटेपर्यंत आकडे पुन्हा पुन्हा तपासत होता. आणि तुम्ही आता तिथे उभे राहून हसलात.”

अशा वेळी मी समोरच्याचं काहीतरी वाकडं काढतो. तिचं काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मी आत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “याची मापं बरोबर होती. मी न विचारता तिनाने भागली. चूक माझी आहे.”

जावयानं माझा हात हातात घेतला. “असू द्या, बाबा,” तो हळू म्हणाला. “मला सांभाळून घेताय, कळतंय मला.”

“अहो, खरंच सांगतोय.”

“सासरा असावा तर असा,” अध्यक्ष म्हणाला, आणि मंडळातल्या दोघांनी माझी पाठ थोपटली. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. लोक आणखीच कौतुकानं बघायला लागले. एक बाई तर डोळे पुसत होती, मूर्ख कुठली.

लेक दाराशी उभी होती. मी तिच्यापाशी गेलो.

“सांगितलं,” मी म्हणालो.

“ऐकलं मी. त्याला पटलं?”

“नाही.”

“मग पटेपर्यंत सांगा,” ती म्हणाली. “तोवर मी येणार नाही.”

मी परत त्याच्याकडे वळलो. तो टेबलाशी वाकून माझाच एक सैल पडलेला दोर बोटांनी जपून ताणत होता.